डँडेलियनच्या बियांचं पाकीट: पुण्यात घ्यावं का?

दिवाळीनंतर डँडेलियनच्या (पिवळ्या फुलाची, कडू पानांची पालेभाजी) बिया ऑनलाइन मागवल्या होत्या, १८० रुपयाचं पाकीट, टेरेसवर लावून, खाऊन झाल्यावर लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण बिया चांगल्या होत्या, भरपूर उगवल्या, माझा राग आहे तो पाकिटावर जे छापलंय त्यावर. बियांना चार स्टार, पाकिटाला एक.

छापलंय काय, तर वसंतात शेवटची फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव, पडून गेली की पेरा. अहो कर्वेनगरात कुठली फ्रॉस्ट! आपल्याकडे मार्चमध्ये पेरलं तर रोप जरा अंग धरतंय तोवर एप्रिल येतो, पारा ३८-४० ला, पान जाड होतं आणि कडूजहर लागतं. पुण्यात ही सरळ सरळ हिवाळ्याची पालेभाजी समजायची, ऑक्टोबर हीट संपली की पेरायची आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री १०-१२ डिग्री असताना खुडायची, तेव्हाच पान कोवळं मिळतं. पाकिटावर हे कुठेच नाही, परदेशातला मजकूर उचलून चिकटवलाय झालं.

बी उगवायला उजेड लागतो हेही लिहिलेलं नाही. मेथीसारखं मातीत ढकलायचं नाही, वरच भुरभुरवून तळहाताने दाबायचं आणि स्प्रेने पाणी, एक ते तीन आठवड्यात कोंब दिसतात. आणि कुंडी खोल हवी, याचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं त्यामुळे पालकाच्या उथळ ट्रेमध्ये नका लावू, १२ इंची ग्रो बॅग घ्या, लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत, खाली पाणी निघून जाईल असं बघा. रोप मोठं झाल्यावर उपटून दुसरीकडे लावलं तर रुसतं, म्हणून आधीच जागेवर पेरा आणि विरळणी करा. विरळणीतली पिल्लं कोशिंबिरीत टाकायची, तीच सगळ्यात चविष्ट.

घेताना एक बघाच, पाकिटावर टरॅक्सॅकम ऑफिसिनाले हे डँडेलियनचं शास्त्रीय नाव आहे का. कारण इटालियन डँडेलियन म्हणून जे विकतात ते चिकोरीच्या जातीतलं असतं, निळी फुलं येतात, खायला काही वाईट नाही पण तुम्ही मागवलेली गोष्ट ती नाही. आणि फुकटात रस्त्याकडेचं आणू म्हणाल तर आपल्या टेकड्यांवर, फुटपाथच्या फटीत लांब दांड्यावर पिवळटपांढरी फुलं दिसतात ती एकदांडी असते, म्हणजे दगडी पाला, डँडेलियन नव्हे. खऱ्या डँडेलियनचा दांडा आतून पोकळ, त्याला एकही पान नाही, एका दांड्यावर एकच पिवळंधमक फूल, आणि मोडला की पांढरा चीक येतो.

आता चव. कडू आहे, उगाच गोड शब्दात सांगत नाही. मेथीपेक्षा कडू, कारल्याच्या अलीकडे. घरात दोन पक्ष पडले, सासूबाई पहिल्या घासाला म्हणाल्या "ही तर पाथरीच गं", आणि खरंच पाथरी ही आपली रानभाजी डँडेलियनच्या जवळच्या नात्यातली, एकाच कुळातली. त्यामुळे त्यांच्या पद्धतीने केली, कच्ची पानं बारीक चिरून कांदा, दाण्याचं कूट, मीठ, वर तेलाची धार, ज्वारीच्या भाकरीबरोबर, आणि हाच प्रकार सगळ्यात भारी झाला. शिजवायची तर मिठाच्या पाण्यात उकळून, पाणी टाकून, पिळून घ्यायची, मग भरपूर लसणाची फोडणी आणि मूगडाळ किंवा बेसन पेरून, कडूपणा बराच उतरतो. थालीपिठात मुलांना कळलंही नाही. काश्मीरमध्ये तर हिची भाजी करतात, हंद म्हणतात, बाळंतिणीला आवर्जून देतात, म्हणजे हे काही फक्त गोऱ्यांच्या सॅलडचं फॅड नाहीये.

कडूपणा अजून कमी हवा तर खुडायच्या आठवडाभर आधी रोपावर दुसरी कुंडी पालथी घालून ठेवा, उजेड नाही मिळाला की पान फिकट आणि सौम्य होतं. फुलांची भजीही होतात, फक्त मागचा हिरवा भाग जमेल तेवढा काढा. फुलं ठेवणार नसाल तर कळ्या खुडत राहा, कारण याला बी धरायला बहुतेकदा परागीकरणही लागत नाही, एक झाड एकटंच म्हाताऱ्या उडवतं आणि मग खालच्या काकूंच्या तुळशीत रोप उगवलं की मीटिंगमध्ये तुमचं नाव निघणार.

पाकिटाला एक स्टार द्यायचं दुसरं कारण म्हणजे मागच्या बाजूचे दावे, लिव्हर डिटॉक्स, वजन उतरेल वगैरे. पालेभाजी आहे हो, औषध नाही. उलट जे लिहायला हवं होतं तेच नाही, की १०० ग्रॅम कच्च्या पानात साधारण ७५०-८०० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असतं, ते रक्त गोठायला मदत करतं, त्यामुळे घरात कोणी वॉरफरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताटात वाढू नका. झेंडू-शेवंतीची ॲलर्जी असेल त्यांनीही जपून, कुळ तेच आहे.

मुळांची कॉफी पण करून बघितली. धुऊन, चिरून, वाळवून मंद आचेवर गडद भाजायची आणि मिक्सरला लावायची, चिकोरीवाल्या फिल्टर कॉफीची सवय असेल तर ओळखीची वाटेल, कॅफिन मात्र अजिबात नाही, त्यामुळे सकाळच्या झोपेवर उपयोग शून्य. पहिल्या वर्षीची मुळं बारीक असतात, एका बॅगेतून जेमतेम दोन कप निघतात, तेवढ्यासाठी चांगलं झाड उपटू नका. मी मार्चअखेर जी उन्हाने मान टाकायला लागली तेवढीच काढली, बाकीची ग्रीन नेटखाली सरकवलीत.