तन-मन पॅकेज सहा महिने वापरून: योगाला पाच तारे, पावतीला शून्य

एका वेलनेस सेंटरचं हे 'तन-मन' पॅकेज गेल्या आठवड्यात संपलं आणि मी ते रिन्यू करणार नाही. योग, श्वसन, समुपदेशन, आहार एका छताखाली, हे सगळं माहितीपत्रकात आहेच. थेट अनुभवावर येते.

धडधड व्हायची, रात्री दोनला जाग यायची आणि ईसीजी मात्र नॉर्मल. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या नैराश्याच्या गोळ्या चालू होत्याच. इथे खरा गुण आला तो योगाच्या ताईंमुळे. शवासनात निजवून एकेक स्नायू आधी आवळायचा, मग सैल सोडायचा: मूठ, खांदे, कपाळ. जबड्यापाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "दातावरचे दात काढा." माझे दात घट्ट रोवलेले होते आणि मला पत्ताच नव्हता! लोकलमध्ये, पोळ्या लाटताना, झोपेतसुद्धा तेच चालायचं. ही पद्धत अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांची, 1920च्या दशकातली; ताई ती योगनिद्रेआधी घेतात. मग मिनिटाला साधारण 6 श्वास, सोडताना जास्त वेळ. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, त्यामुळे धडधड सुरू झाली की आता हातात काहीतरी उपाय असतो. तिसऱ्या महिन्यात मी मैत्रिणींना हेच पॅकेज घ्या म्हणून सांगत होते.

मग पावती. ऑफिसकडून समुपदेशनाचा खर्च मिळतो, पण बिलावर समुपदेशकाचं नाव, पात्रता आणि नोंदणी क्रमांक लागतो. यांच्या बिलावर फक्त 'वेलनेस पॅकेज'. रिसेप्शनवर एकच उत्तर, "मॅडम, सिस्टीममधून असंच येतं." मी सोडलं नाही. पैसे माझ्या कष्टाचे आहेत. ईमेलवर ईमेल केल्यावर पत्र आलं: समुपदेशक म्हणजे 'सर्टिफाइड कोच'. नोंदणी नाही, मानसशास्त्राची पदवीही नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते.

इथे माझं मत फिरलं. कारण याच कोचनी मला सांगितलं होतं, "गोळ्यांची सवय लागते, श्वासावर भागेल." मी आधी माझ्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी स्पष्ट बजावलं: नैराश्याच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर येते, झोप उडते, आजार उलटतो; कमी करायच्या त्या त्यांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्यानेच. एखाद्याने त्या कोचचं ऐकलं असतं तर? याचा राग अजून गेलेला नाही.

न वापरलेल्या सत्रांचे पैसे 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केल्यावर परत मिळाले, तेही जीएसटी कापून. क्लेम मात्र बुडाला.

आता समुपदेशन आरसीआय नोंदणी असलेल्या बाईंकडे, योग त्याच ताईंकडे सोसायटीच्या हॉलमध्ये. दोन्ही मिळून खर्च कमीच येतो. गोळ्याही चालू आहेत. पैशांची अडचण असेल त्यांनी सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करावा, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि असं पॅकेज घ्यायचंच असेल तर पैसे भरण्याआधी नमुना बिल मागून घ्या, त्यावर नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का ते बघा.