आमच्या पेठेतील महिला मंडळाचे रुग्णसाहित्य केंद्र : एक अभिप्राय

घरात एखादे माणूस अंथरुणाला खिळले की औषधांपाठोपाठ वस्तूंची यादी सुरू होते. वॉकर, कमोड खुर्ची, बेडपॅन, एअर बेड, व्हीलचेअर आणि डोक्याकडची व पायांकडची बाजू वरखाली करता येणारा फाउलर बेड यांपैकी काही ना काही लागतेच, आणि ते बहुधा थोड्याच काळासाठी लागते. माझ्या सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डॉक्टरांनी मांडी घालून आणि उकिडवे बसायला सक्त मनाई केली. आमच्या जुन्या घरात तर संडास भारतीय पद्धतीचा आणि मोरी दोन पायऱ्या उतरून. अशा वेळी शेजारच्या वहिनींनी कोल्हापुरातील आमच्या पेठेतल्या महिला मंडळाच्या रुग्णसाहित्य केंद्राचे नाव सुचवले. त्या केंद्राची सेवा आम्ही वॉकर हाती घेण्यापासून सर्व साहित्य परत करेपर्यंत पूर्ण अनुभवली असल्यामुळे, ज्यांना उद्या गरज पडेल त्यांच्यासाठी हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

मंडळ जुने आहे. हळदीकुंकू, भजन, पाककृती स्पर्धा हे कार्यक्रम तेथे होतातच. परंतु गेल्या काही वर्षांत सभासद भगिनींनी आपली बरीचशी ताकद या केंद्राकडे वळवली आहे. काम पूर्णपणे स्वयंसेवी असून कोणालाही मानधन नाही. निवृत्त शिक्षिका, एक निवृत्त परिचारिका, शिवणकाम करणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रिया आळीपाळीने संध्याकाळी केंद्रावर बसतात. मंडळाची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली झालेली असून वार्षिक जमाखर्च आतल्या भिंतीवर लावलेला आहे. देणगी देऊ इच्छिणाऱ्याने तो अवश्य वाचावा, कारण दुरुस्तीवर झालेला खर्चही त्यात वेगळा दाखवला आहे.

साहित्य घेण्याची पद्धत सोपी आहे. डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्डाची प्रत आणि पेठेतील एका ओळखीच्या माणसाची सही एवढे पुरते. वस्तूच्या किमतीनुसार अनामत भरावी लागते, ती साहित्य परत केल्यावर पूर्ण मिळते आणि भाडे घेतले जात नाही. ज्यांना अनामत झेपत नाही त्यांच्यासाठी पदाधिकारी ती कमी करतात किंवा माफ करतात, आणि हे इतरांसमोर न बोलता बाजूला घेऊन विचारले जाते. ही समज मला फार मोलाची वाटली.

तथापि या सेवेचे खरे वैशिष्ट्य विनामूल्य साहित्यात नाही. साहित्य भाड्याने देणारी दुकाने शहरात आहेत आणि पैसे मोजले की वस्तू घरपोच येते. मंडळाच्या भगिनी मात्र वस्तूसोबत स्वतः येतात, घर पाहतात आणि घरातल्या माणसांना ती वापरायला शिकवतात. केंद्राचे सारे मोल मला या शिकवण्यात दिसते.

आमच्याकडे आलेल्या काकू पूर्वी परिचारिका होत्या. त्यांनी पिशवीतून प्रथम टेप काढली आणि न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजली. नेहमीच्या व्हीलचेअरची एकूण रुंदी साधारण २५ इंच असते, आणि पेठांतल्या जुन्या घरांत मोरीचे दार अनेकदा २४ इंचही नसते. म्हणजे खुर्ची घरात येते, पण जिथे तिची सर्वांत जास्त गरज तिथेच ती अडते. हे लक्षात आल्यावर त्यांनी व्हीलचेअर देण्याचे टाळले आणि त्याऐवजी वॉकर व पलंगाशेजारी ठेवता येणारी कमोड खुर्ची दिली. उंबरठ्याला लावण्यासाठी लाकडी उतार कोणत्या मापाचा करून घ्यावा, हेही कागदावर आखून दिले.

वॉकर देताना त्यांनी सासूबाईंना सरळ उभे केले, हात सैल सोडायला सांगितले आणि वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेपाशी येईल अशी चारही पायांची उंची खटके दाबून जुळवली. मूठ धरल्यावर कोपरात किंचित बाक राहिला पाहिजे. उंची कमी असेल तर माणूस वाकून चालतो, जास्त असेल तर खांदे उचलले जातात. मग त्यांनी वॉकर उलटा करून पायांची रबरी बुचे तपासली आणि एक झिजलेले बूच तिथेच बदलले, कारण ओल्या शहाबादी फरशीवर झिजलेले रबर घसरते आणि एकदा मोडलेल्या हाडाला दुसरी पडझड परवडत नाही. चालण्याचा क्रम त्यांनी आमच्या भाषेत सांगितला : “आजी, आधी वॉकर पुढं, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. घाई न्हाई करायची.” पायरी चढताना आधी चांगला पाय आणि उतरताना आधी दुखरा पाय, हे त्यांनी सासूबाईंकडून धरून करून घेतले. रुग्णालयात हेच सांगितले गेले असेलही, पण सुट्टी मिळण्याच्या गडबडीत ऐकलेले आणि स्वतःच्या घराच्या पायरीवर उभे राहून शिकलेले यांत मोठा फरक आहे.

एअर बेडबाबतही त्यांची माहिती नेमकी होती. कुशी बदलू न शकणाऱ्या रुग्णाच्या माकडहाडावर, खुब्यावर आणि टाचांवर सतत दाब पडून तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि जखमा होतात. एअर बेडमधील कप्पे आळीपाळीने फुगतात व उतरतात, त्यामुळे दाबाची जागा बदलत राहते. परंतु आपल्याकडे अनेक घरांत रुग्णाला गार लागेल या मायेने त्यावर जाड वाकळ अंथरली जाते आणि गादीचा उपयोग जवळजवळ संपतो. वर एकच पातळ सुती चादर, तीही न ताणता, एवढेच असावे. गादीत हवा पुरेशी आहे का हे पाहण्यासाठी रुग्णाच्या कमरेखाली, गादीच्या तळाशी तळहात सरकवून पाहावा. वरच्या माणसाचे हाड हाताला टेकले तर हवा कमी आहे. काकूंनी हेही बजावले की एअर बेड असला तरी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. बाजारात ही गादी अनेकदा जखमांवरचा पूर्ण उपाय म्हणून विकली जाते, म्हणून ही सूचना विशेष महत्त्वाची आहे.

कोल्हापूरकरांना पावसाळ्याचे वेगळे सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने जे दाखवले ते पाहिल्यावर मंडळाने एक चांगली शिस्त लावून घेतली आहे. पूररेषेत राहणाऱ्या आणि विजेवर चालणारे साहित्य घेतलेल्या घरांची यादी नोंदवहीत वेगळी ठेवली जाते. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की त्या घरांना फोन जातो; ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहिली जात नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारे विजेवरचे यंत्र) वापरणाऱ्यांना भरलेला सिलिंडर तयार ठेवायला किंवा रुग्णाला आधीच नातेवाइकांकडे हलवायला सांगितले जाते, कारण पुराच्या काळात वीज गेली की ते यंत्र बंद पडते. आमचे घर उंचावर असल्यामुळे आम्हाला असा फोन आला नाही, परंतु नोंदवहीतील ती पाने मी पाहिली आहेत.

आता उणिवा. केंद्र फक्त संध्याकाळी दोन तास उघडे असते आणि रविवारी बंद असते. नोकरी करणाऱ्या घरांत साहित्य आणायला रविवारच सापडतो, तेव्हा निदान रविवारी सकाळी तासभर तरी केंद्र उघडावे. फाउलर बेड न्यायचा तर टेम्पो आणि उचलायला माणसे आपणच आणावी लागतात. पेठेत तालमींची एवढी परंपरा असताना, पूर आला की पहिली धाव घेणारी तालमींतली मुले मंडळाने हक्काने या कामाला का बोलावू नयेत, असे मला वाटते. लहान मुलांच्या मापाची व्हीलचेअर केंद्राकडे नाही आणि अरुंद चाकखुर्च्या फार थोड्या आहेत. जुन्या शहराची घरे लक्षात घेता पुढील देणग्यांतून आधी त्याच घ्याव्यात.

माझी मोठी तक्रार मात्र वेगळी आहे. साहित्य शहराच्या हद्दीबाहेर दिले जात नाही. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा अशा तालुक्यांतून माणसे येतात. शस्त्रक्रिया होते, सुट्टी मिळते आणि घरी जाताना ती वाड्या-वस्त्यांवर रिकाम्या हाताने परततात. तिथे भाड्याने साहित्य मिळणे तर दूरच, वॉकर विकत मिळायलाही तालुक्याचे गाव गाठावे लागते. साहित्य परत येत नाही आणि दुरुस्तीला जाता येत नाही, ही मंडळाची अडचण मी समजू शकते. स्वतःच्या वेळेतून काम करणाऱ्या भगिनींनी गगनबावड्यापर्यंत वसुलीला जावे असे कोणी म्हणणार नाही. तरी फाउलर बेड व कॉन्सन्ट्रेटर वगळून निदान वॉकर, काठ्या, कुबड्या आणि कमोड खुर्च्या गावच्या आशा सेविकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हमीवर देता येतील. या वस्तू हलक्या असतात, एसटीतून नेता-आणता येतात आणि त्यांची दुरुस्तीही बहुतेक रबरी बुचांपुरतीच असते. मी ही सूचना केंद्रातील सूचनावहीत लिहिली आहे आणि पदाधिकाऱ्यांनी मासिक बैठकीत विषय घेण्याचे मान्य केले आहे.

साहित्य परत करताना ते धुऊन, वाळवून न्यावे. कमोड खुर्चीचे भांडे जंतुनाशकाने धुतलेले आहे का हे तिथे तपासले जाते आणि ते योग्यच आहे. अनामत रोख दिली असेल तर मूळ पावती सोबत ठेवावी, कारण पावतीवाचून रक्कम परत मिळायला पुढच्या बैठकीपर्यंत थांबावे लागते. ज्यांच्या घरी असे साहित्य माळ्यावर धूळ खात पडले आहे त्यांनी ते केंद्राला द्यावे; मोडके असले तरी चालते, सुटे भाग उपयोगी पडतात.