इमोबिलायझर म्हणून गळ्यात मारलेला लुकलुकता दिवा

रावेरकडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याची पिकअप दर चार-पाच दिवसांनी सेल्फ घ्यायची बंद झाली, म्हणून डॅशबोर्ड उघडला गेला. आत काळा डब्बा होता. त्याच्या प्लगमधून पाचच वायरी जोडलेल्या: कायमचा प्लस, अर्थ, सायरन आणि दोन इंडिकेटरच्या. इंजिन कट करायच्या दोन जाड वायरी पाकिटातून आल्या तशाच गुंडाळून टेपने बांधलेल्या होत्या. रिमोट दाबला की सायरन टुकटुक करायचा, इंडिकेटर लागायचे, काचेजवळ लाल दिवा लुकलुकायचा. मालकाची समजूत अशी की आता गाडी कोणी सुरूच करू शकणार नाही. प्रत्यक्षात चावी फिरवणाऱ्याला अडवणारं त्या गाडीत काहीच नव्हतं. बॅटरी उतरली ती या डब्ब्यानेच, म्हणून निदान कळलं तरी. "तू टेन्शन लेऊ नको भो" म्हणत दुकानदाराने इमोबिलायझरचे पूर्ण पैसे घेतले होते.

खानदेशात हा प्रकार सर्रास आहे, आणि चिडायला लावणारी गोष्ट म्हणजे तो ओळखायला दहा मिनिटं पुरतात.

इमोबिलायझर म्हणजे अलार्म नव्हे. अलार्म ओरडतो, इमोबिलायझर इंजिन चालू देत नाही. कंपनीच्या इमोबिलायझरमध्ये चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशन लॉकभोवतीच्या रिंगसारख्या कॉईलमधून बहुधा १२५ किलोहर्ट्झची लहर सुटते, तिच्यावर चिप जागी होते आणि उत्तर देते. उत्तर जुळलं तरच ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंधनाचे इंजेक्टर उघडतो. मारुतीवाले यालाच आयकॅट्स म्हणतात. म्हणून रिमोटचा सेल बदलल्यावर "आता इमोबिलायझर परत प्रोग्राम करावा लागेल" असं सांगून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. रिमोटच्या सेलचा चिपशी संबंध नाही.

जुनी गाडी घेताना याहून मोठा धोका असतो. एक चावी हरवलेली असली किंवा रिमोट स्टार्ट बसवायचं असलं की काही कारागीर दुसऱ्या चावीतली चिप काढून स्टिअरिंगखाली त्या कॉईललाच टेपने चिकटवून टाकतात. गाडी छान सुरू होते, पण कंपनीचा इमोबिलायझर कायमचा निकामी. नुसत्या लोखंडाच्या कापलेल्या चावीवरही ती चालेल. तपासायचं असेल तर चावीवाल्याकडून बिनचिपची साधी चावी कापून घ्या, मूळ चाव्या गाडीबाहेर ठेवा आणि सेल्फ मारा. इंजिन पकडायला नको, किंवा पकडलं तरी एक-दोन सेकंदांत बंद पडायला हवं. चालतच राहिलं तर सौदा तिथेच थांबवा. घेतलेल्या गाडीच्या किती चाव्या नोंदलेल्या आहेत हे सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर बघा आणि हातात नसलेल्या चाव्या पुसून टाका.

आता बाहेरून बसवायच्या इमोबिलायझरचं. इथली फसवणूक रिलेच्या, म्हणजे करंटवर चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या, एका टोकात लपलेली असते. १२ व्होल्टच्या ३०/४० अँपिअरच्या साध्या रिलेला ३०, ८७, ८७ए, ८५, ८६ अशी टोकं असतात. सेल्फची वायर कापून ३० आणि ८७ए वर जोडली, तर रिलेला करंट नसताना सर्किट जोडलेलंच राहतं. चोराने डब्ब्याचा प्लग उपटला की गाडी सुरू. बसवणाऱ्याला हे सोयीचं पडतं, कारण डब्बा खराब झाला तरी गिऱ्हाईक भांडायला येत नाही. खरं काम ३० आणि ८७ वर होतं: डब्ब्याने परवानगी देऊन रिले ओढला तरच सर्किट जुळतं, डब्बा काढला तर तुटलेलंच राहतं. दुकानातून निघण्याआधी सिस्टिम लॉक करा, डब्ब्याचा प्लग समोर काढायला लावा आणि चावी मारा. गाडी सुरू झाली तर पैसे देऊ नका.

फक्त सेल्फ कट केला असेल तर गिअरची गाडी धक्का मारून सुरू होते. म्हणून दोन सर्किट कट हवेत: एक सेल्फचं, दुसरं इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचं. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाडीला पंपावरच्या सोलेनॉइडची (करंट मिळाला की डिझेलची वाट उघडणाऱ्या झडपेची) एकच वायर असते. बोनेट उघडून बॅटरीतून थेट प्लस दिला की ते सोलेनॉइड उघडतं, त्यामुळे अशा गाडीला बोनेटचं कुलूप आधी लावा, रिले नंतर.

स्वतः बसवायचं असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा. पिवळ्या नळीतल्या किंवा पिवळ्या प्लगच्या वायरींना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात. वायरी ओळखण्यापुरता निगेटिव्ह परत लावा, आणि टेस्ट लॅम्प नव्हे, मीटर वापरा. सेल्फची वायर म्हणजे फक्त क्रँक करताना, म्हणजे सेल्फ मारताना, १२ व्होल्ट दाखवते ती. डब्ब्याला प्लस द्यायची इग्निशनची वायर क्रँक करतानाही चालू राहणारी हवी, नाहीतर सेल्फ मारताच डब्बा मरतो आणि रिले सुटतो. वायर कापण्याआधी निगेटिव्ह पुन्हा काढा. सेल्फच्या सर्किटला २.५ चौरस मिलिमीटरची वायर, पंपाला १.५ ची. डब्ब्याच्या प्लसला ३ अँपिअरचा फ्यूज. रिलेच्या कॉईलवर १एन४००७ डायोड, पट्टीचं टोक प्लसकडे. तो नसेल तर कॉईलचा उलटा झटका डब्ब्यातला ट्रान्झिस्टर उडवतो.

जोड मात्र सोल्डर करून हीट श्रिंक चढवलेले किंवा नीट क्रिंप केलेलेच हवेत. चिमटा जोड आणि काळी पीव्हीसी टेप दोन्ही टाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो, उन्हात बंद गाडी आतून त्याहून कितीतरी तापते, आणि टेपचा गोंद वितळून जोड उघडे पडतात. मग पंपाचं सर्किट चालत्या गाडीत सुटतं. कन्नड घाटाच्या उतारावर इंजिन असं बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो. मोबाईलवरून इंजिन बंद करणाऱ्या जीपीएसचाही हाच धोका आहे, चालत्या गाडीत ते बटण दाबू नका. शिवाय बरेच जण त्याचा रिले ८७ए वरच जोडतात, म्हणजे प्लग उपटला की संपलं.

सगळं झाल्यावर गाडी बंद करून अर्धा तास थांबा आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर मीटर सिरीजमध्ये, म्हणजे टोक आणि काढलेली वायर यांच्या मधे, लावा. बहुतेक गाड्यांत २० ते ५० मिलिअँपिअर ठीक. स्वस्त डब्बा एकटा १०० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला २.४ अँपिअर-अवर जातात. ३५ अँपिअर-अवरची थोडी जुनी बॅटरी आठवड्याभर उभ्या गाडीत सेल्फ मारायच्या लायकीची राहत नाही.

"विम्यात मोठी सूट मिळेल" हे आमिषही ठरलेलं. जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे (विम्याच्या दरांच्या नियमांप्रमाणे) चोरीरोधक यंत्राची सूट स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये होती, आणि तीही यंत्र एआरएआय (वाहनांची चाचणी करणारी पुण्याची संस्था) मान्य असून ऑटोमोबाईल असोसिएशनचा दाखला असेल तरच. दुकानाच्या लेटरहेडवरचा कागद चालत नव्हता.

दोन्ही रिमोट ताब्यात घ्या, पिन स्वतःच्या हाताने बदला. फॅक्टरीचा पिन बसवणाऱ्याला पाठ असतो. पक्क्या बिलावर डब्ब्याचं मॉडेल आणि "सेल्फ व पंप, दोन सर्किट कट, रिले ३०-८७" एवढं लिहून घ्या. पुढे वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ ला आणि जिल्हा ग्राहक आयोगात हाच कागद लागतो. आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. असं लिहून द्यायला दुकानदार तयार नसेल तर गाडी उघडू देऊ नका.