ब्लोअर घ्यावा की ऑइल हीटर?

निफाड-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की हा प्रश्न घरोघरी निघतो. विजेच्या बिलाचा वाद आधी मिटवू. 2000 वॅटचं कुठलंही यंत्र तासभर सलग चाललं की दोन युनिट जाणार, आणि उष्णताही तेवढीच मिळणार. फरक आहे तो उष्णता कशी मिळते यात.

ब्लोअर लावताक्षणी गरम हवा फेकतो. सकाळी पोरांना आंघोळीनंतर कपडे घालेपर्यंत तो झकास. पण घरघर करतो, आणि बंद केला की खोली लगेच गारठते. ऑइल हीटर तापायलाच वीस-पंचवीस मिनिटं घेतो, किंमतही बरीच जास्त, उचलायला जड (चाकं असतात म्हणून बरं). मात्र आवाज नाही, आणि बंद केल्यावरही बराच वेळ ऊब देतो. आतलं तेल जळत नाही, त्यामुळे ते पुन्हा भरायची भानगड नाही. खोली तापली की थर्मोस्टॅट वीज तोडतो. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत रात्रीसाठी मी डोळे झाकून हाच घेईन.

दोन्हींना 16 अँपिअरचा सॉकेट हवा. एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. आणि हीटर घ्यायच्या आधी सरकत्या खिडकीच्या पट्टीवरून हात फिरवून बघा. तिथला ब्रश (फट बुजवणारी केसाळ पट्टी) झिजला असेल तर गार वारा बोटांना लागतो. तो बदलायला फार पैसे लागत नाहीत. दाराखाली जुन्या चादरीची गुंडाळी चालते.

कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत अजिबात नको. तिच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.