सार्वजनिक हायस्कूलचा दीड वर्षाचा अनुभव आणि सातव्या तासाचा हिशेब

मुलाचा वर्गातील क्रमांक जानेवारीत हाती आला नसता, तर हे लिहायला मी बसलोच नसतो. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या रिओ ग्रांदे व्हॅलीत आम्ही राहतो. येथील हिडाल्गो काउंटीत दहांपैकी नऊहून अधिक लोक हिस्पॅनिक आहेत, आणि मुलगा ज्या सार्वजनिक हायस्कूलमध्ये जातो त्याचे निकाल कोणालाही हेवा वाटावा असे आहेत. शुल्क नाही, न्याहारी आणि जेवण सर्वांना मोफत, एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे महाविद्यालयीन दर्जाचे, विषय भरपूर, शिवाय कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट शाळेत असतानाच पदरात पडतात. खिशाचा विचार करता तक्रारीला जागा नाही. माझे भांडण आहे ते फक्त सातव्या तासाशी.

त्या तासाला मुलगा मारियाची, म्हणजे मेक्सिकोचे पारंपरिक वाद्यवृंदाचे संगीत, शिकतो. आमच्या शाळेत एपीच्या विषयात ‘ए’ मिळाला तर पाच गुण धरतात आणि साध्या विषयात चार. मारियाची साध्यात मोडते. सहा एपी विषयांत ‘ए’ मिळवून सातवा तास मोकळा ठेवणाऱ्याची सरासरी ५.०० राहते, तर तेच सहा विषय घेऊन मारियाचीतही ‘ए’ मिळवणाऱ्याची ४.८६ होते. म्हणजे एक विषय जादा शिकून आणि त्यात सर्वोत्तम श्रेणी मिळवून मुलगा खाली घसरतो.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे वाटणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९९६ मध्ये हॉपवुड खटल्यातील संघीय अपील न्यायालयाच्या निकालाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली, तेव्हा १९९७ मध्ये टेक्सासने कायदा करून प्रत्येक हायस्कूलच्या पहिल्या १० टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत थेट प्रवेश दिला. व्हॅलीसारख्या भागातील शाळांना त्याचा मोठा आधार आहे. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाला मात्र पुढे ही मर्यादा कमी करण्याची मुभा मिळाली आणि २०२६ च्या प्रवेशापासून ती ५ टक्क्यांवर आली. आमच्या तुकडीत १६० मुले आहेत, त्यामुळे ऑस्टिनसाठी पहिले आठच. आमचे चिरंजीव चौदावे.

समुपदेशकांना मी तीन वेळा भेटलो. धोरण शिक्षण मंडळाचे आहे, हेच उत्तर तिन्ही वेळा अत्यंत सौजन्याने मिळाले. त्यातही पहिल्यांदा ते स्पॅनिशमध्ये मिळाले, कारण आमचा वर्ण पाहून कार्यालयात सर्वजण आम्हाला आपल्यातलेच समजतात. मुलाला मारियाची सोडायला लावावे, असे मी घरी जाहीरही केले.

येथपर्यंतचे मी फेब्रुवारीत लिहिले होते. त्यानंतर शाळेच्या कार्यक्रमात मी प्रथमच त्याचे वादन नीट ऐकले. तो गितार्रोन वाजवतो. दुधी भोपळ्यासारखे पोट फुगलेले ते सहा तारांचे वाद्य छातीशी धरून बहुधा दोन तारा एकदम ओढायच्या असतात, आणि व्हायोलिन-ट्रम्पेट कितीही चढले तरी खालचा सूर त्यालाच सांभाळावा लागतो. चांदीच्या गुंड्यांचा पोशाख शाळेचा होता. त्यातली एक गुंडी हरवल्याचे बिल नंतर आले, ते मी कुरकुरत का होईना, भरले. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजीबाई त्याच्याबरोबर प्रत्येक ओळ म्हणत होत्या, आणि कार्यक्रम संपल्यावर त्या त्याच्याशी स्पॅनिशमध्ये बोलल्या तेव्हा तो न अडखळता उत्तरे देत होता. घरी कधी न ऐकलेली ही भाषा तो पाठ केलेल्या गाण्यांतून आणि सरावाला थांबणाऱ्या मित्रांकडून शिकला आहे. आता पुढच्या वर्षी तो एपी स्पॅनिश घेणार असून त्या विषयाला पूर्ण पाच गुणांचे वजन आहे, हे मी हिशेबात धरलेच नव्हते. शिवाय राज्यातील इतर अनेक सार्वजनिक विद्यापीठांत १० टक्क्यांचीच मर्यादा आहे आणि चौदावा क्रमांक तीत बसतो.

तरीही सरासरीची पद्धत मला पटलेली नाही. पुढील वर्षाच्या विषयनिवडीच्या अर्जावर मुलाने सातव्या तासापुढे पुन्हा मारियाचीच लिहिले आहे. त्यावर मी सही केली, आणि शिक्षण मंडळाच्या पुढच्या बैठकीत बोलण्यासाठी त्याच दिवशी माझे नावही नोंदवले.