वेंगुर्ल्याची कांदळवन सफर : निधी संपल्यावरही चालणारी होडी

आधी निकाल सांगते, कारणं मागून. सिंधुदुर्गात जाणार असाल तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतली कांदळवन सफर, म्हणजे खारफुटीच्या जंगलातली होडीची फेरी, चुकवू नका. स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका ती चालवतात. होडी हाताने वल्हवतात आणि खाडीतल्या झाडांची ओळखही स्वतःच करून देतात. इंजिनाची घरघर नाही, डिझेलचा वास नाही. माझ्या जाऊबाईंचे गुडघे दुखतात, नात अजून प्राथमिक शाळेत आहे. दोघींनाही ती सहज जमली. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा का कापला ते पुढे येईलच, आणि त्याचा दोष गटाकडे जात नाही.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. नोकरीतली बरीच वर्षं बचत गटांच्या कर्जांचं काम माझ्याकडे होतं. नाबार्डने 1992 साली गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून हे जग जवळून पाहिलंय. त्यामुळे एखादा गट काही चालवताना दिसला की झाडं-पक्षी बघून माझं भागत नाही. हे उभं कोणाच्या पैशावर राहिलं आणि तो पैसा थांबल्यावर चाललं कसं, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून हा अभिप्राय नेहमीपेक्षा लांबला आहे. फक्त सहलीची माहिती हवी असेल तर शेवटचे दोन परिच्छेद वाचा, चालेल.

सफरीबद्दल आधी. बसण्याआधी गटातल्या एका बाईने प्रत्येकाला लाइफ जॅकेट चढवलं, नातीचं बंद तर दोनदा ओढून पाहिलं. मग जागा ठरवून दिल्या. जाऊबाईंना म्हणाली, ‘तुमी ह्या बाजून बसा, वजन समान होवक व्हया.’ एकदा वल्ही पाण्यात पडली की होडी दोन्हीकडच्या हिरव्या भिंतींमधून सरकत जाते. कांदळाची मुळं खोडापासून कमानीसारखी खाली उतरून चिखलात रुतलेली असतात, तिवराची श्वासमुळं त्याच चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात. चिखलात हवा खेळत नाही, म्हणून तिवर मुळं वर काढून श्वास घेतो, हे तिने एका वाक्यात सांगितलं. तिवराचं पान चाटायला दिलं. नातीने चाटलं, ‘खारट!’ म्हणून ओरडली आणि लगेच दुसरं मागितलं. झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं, हे आता तिला कोणी शिकवायला नको.

कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. हिरव्या लांब शेंगेसारखं लोंबत राहतं, मग तुटून खाली पडतं आणि चिखल मिळाला की तिथेच उभं राहतं. अशी एक शेंग तिने हातात धरायला दिली. पुढे पांढरी चिप्पी दाखवली, 2020 साली राज्याचं कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर झालेलं झाड. चिप्पीची फुलं रात्री उमलतात आणि त्यांच्यावर वटवाघळं येतात, म्हणून दिवसा तुम्हाला बहुधा गळून पडलेले केसर दिसतील. काठाला मारांडीची काटेरी पानं आणि निळी-जांभळी फुलं. खंड्या आणि बगळे तर इतके की थोड्या वेळाने नातीने बोट दाखवणं सोडून दिलं.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे की या बायका झाडांबद्दल मासेमारीच्या घरातल्या माणसांसारख्या बोलतात. कोळंबी, खेकडे, माशांची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला वाढतात आणि मग समुद्रात जातात. कांदळवन तुटलं की जाळं रिकामं येतं. हे त्यांनी कार्यशाळेतही ऐकलं असेल, पण बोलण्यात बाजाराचा हिशेब येतो आणि तोच पटतो.

आता पैशाकडे येते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर 2012 च्या सुमारास एक मोठा प्रकल्प सुरू झाला. पैसा ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटीचा, म्हणजे 1991 साली उभारलेल्या आणि अनेक देशांच्या वर्गणीवर चालणाऱ्या जीईएफचा. काम पुढे न्यायला यूएनडीपी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, सोबत केंद्र आणि राज्य सरकार. जीईएफचं अनुदान सुमारे 34 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने पंधरा ते वीस कोटी रुपये. सरकारी वाटा त्याहून कितीतरी मोठा ठरला होता. बाहेरचा पैसा आला की सगळं बाहेरच्यांनीच केलं असं आपण समजतो. इथे तसं नव्हतं, आणि हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे.

या किनाऱ्याला आधीचा एक अनुभव होता. 1987 साली मालवणजवळचा 29.12 चौरस किलोमीटर भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि मच्छीमारांनी त्याला जोरदार विरोध केला. आपली मासेमारी बंद होणार ही भीती खरी होती. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांना बाजूला ठेवून कागदावर रेघ मारली तर रेघ कागदावरच राहते. नंतरच्या प्रकल्पाने म्हणूनच व्यवसायापासून सुरुवात केली. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला चौकोनी भोकांची जाळी, म्हणजे छोटे मासे निसटून जातील. खाडीत खेकडापालन, कालवांची शेती. भातासाठी ‘श्री’ पद्धत, म्हणजे कमी बियाणं आणि कमी पाणी लागणारी लागवड. आणि पर्यटन, ज्यातून 2017 साली मांडवी खाडीतली ही सफर सुरू झाली. यादी वाचताना जंगलाचा प्रकल्प वाटतच नाही, आणि मला वाटतं त्यातच त्याची हुशारी आहे. तोडू नका म्हणणं सोपं असतं, त्याऐवजी काय करून जगायचं हे सांगायला पैसा आणि अक्कल दोन्ही लागतात.

अर्थात तोडू नका हेही कोणीतरी ठणकावून सांगावं लागलंच. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातली कांदळवनं तोडण्यावर बंदी घातली. 2012 च्या जानेवारीत राज्याने वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष उघडला, 2015 साली त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान आलं. आणि 2017 साली राज्याने स्वतःच्या पैशातून कांदळवनाशेजारच्या गावांसाठी उपजीविका योजना काढली. गावाने समिती करायची, गटांना 90 टक्के अनुदान, उरलेले 10 टक्के गटाचे. एकट्यादुकट्या माणसासाठी 75 आणि 25.

त्या 10 टक्क्यांवर मी थांबते. बँकेत असताना पूर्ण फुकट मिळालेली शिलाई मशीनं गंजताना पाहिली आहेत आणि स्वतःचे थोडे का होईना पैसे घालून घेतलेली पिठाची गिरणी रात्री उशिरापर्यंत चालताना पाहिली आहे. ज्याने 10 टक्के साठवले, वाचवले, मोजून दिले, त्याला उरलेले 90 टक्केसुद्धा आपले वाटतात. राज्याच्या योजनेत हा वाटा ठेवणाऱ्याला गट म्हणजे काय ते नीट कळलेलं आहे.

माझ्या लेखी खरा कस लागतो तो प्रकल्प संपतो तेव्हा. परदेशी निधी पाच-सहा वर्षांसाठी येतो. कार्यालय उघडतं, गाड्या येतात, प्रशिक्षणं होतात, अहवाल जातो आणि एके दिवशी कार्यालयाला कुलूप लागतं. सिंधुदुर्गात कुलूप लागण्याआधी कक्ष उभा होता, प्रतिष्ठान उभं होतं, राज्याच्या अंदाजपत्रकातून पैसा येऊ लागला होता. म्हणूनच परक्या पैशाने सुरू झालेली होडी आजही पाण्यात आहे. बाहेरच्या निधीचं नियोजन करणाऱ्यांनी पहिल्या वर्षीच हे लिहून ठेवायला हवं, की सहाव्या वर्षी पगार कोण देणार, परवाने कोण बघणार आणि गटाच्या बायकांनी अडचण आल्यावर फोन कोणाला करायचा.

जगाच्या पातळीवर या विषयावर बोलणं भरपूर झालंय. संयुक्त राष्ट्रांनी 2017 साली जंगलांसाठी 2030 पर्यंतचा आराखडा मंजूर केला. त्यात सहा उद्दिष्टं आहेत. जंगलाखालचं क्षेत्र 3 टक्क्यांनी वाढवायचं हे एक, आणि शाश्वत व्यवस्थापनासाठी नवा, वाढीव पैसा उभा करायचा हेही त्यातलंच. पैसा मागण्याची कला न जमणाऱ्या देशांना प्रस्ताव तयार करायला मदत व्हावी म्हणून 2015 पासून एक वेगळी व्यवस्थाही आहे. माझा त्याला मनापासून पाठिंबा आहे. प्रस्ताव लिहिणं हे एक स्वतंत्र कौशल्य आहे आणि ज्यांच्याकडे जंगल आहे त्यांच्याकडे ते असतंच असं नाही. आमच्या शाखेतसुद्धा सगळ्यात गरजू गटाचाच अर्ज बहुतेक वेळा अपुरा असायचा.

दुसरी एक पद्धत ब्राझीलची. 2008 साली तिथे ॲमेझॉन निधी सुरू झाला. जंगलतोड खरोखर कमी झाल्याचं दिसलं की पैसे, आणि सगळ्यात मोठा देणगीदार नॉर्वे. ऐकायला हे चोख वाटतं. पण 2019 साली तिथल्या सरकारने निधीच्या समित्या मोडल्या आणि निधी गोठला. 2023 साली सरकार बदलल्यावरच तो पुन्हा सुरू झाला. मधली वर्षं त्या पैशाच्या भरवशावर बसलेल्या गावांनी काय करायचं? म्हणून मला अशी व्यवस्था पटते जिच्यात मोठ्या निधीचा एखादा तुकडा तरी अशा ठिकाणी पोचतो, जिथून तो राजधानीतल्या निर्णयाने परत निघत नाही. होडी, वल्ही, जॅकेटं आणि झाडांची ओळख करून देता येईल इतकं ज्ञान. ज्ञान तर कोणी जप्तही करू शकत नाही.

2018 च्या ऑक्टोबरमध्ये ग्रीन क्लायमेट फंडाने, म्हणजे हवामान बदलाला तोंड द्यायला विकसनशील देशांना पैसा देणाऱ्या जागतिक निधीने, महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी आणखी मोठा प्रकल्प मंजूर केला. 4 कोटी 34 लाख डॉलर त्यांचे, 8 कोटी 69 लाख आपल्या सरकारांचे. पुन्हा तोच हिशेब, दोन तृतीयांश पैसा आपला आहे. तेव्हा प्रश्नही आपणच विचारायला हवेत. तो किती गावांत गेला यापेक्षा मला हे जाणून घ्यायचं असतं, की प्रकल्पानंतर त्या गावात काय चालू राहिलं.

आणि इथेच माझा कापलेला अर्धा तारा. अशा प्रकल्पांच्या आराखड्यात वस्तू घेण्याला पैसा असतो, त्या टिकवण्याला फारसा नसतो. खारं पाणी कशालाच सोडत नाही. होडीला रंग लागतो, डागडुजी लागते, जॅकेटं कुजतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की उत्पन्न थांबतं, खर्च थांबत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर घसारा, म्हणजे वस्तूंच्या झिजेचा खर्च, कोणीच धरलेला नसतो. अनुदानातला एक भाग गटाच्या नावावर ठेव म्हणून टाकला आणि व्याजातून दुरुस्ती होईल असं बघितलं, तर रक्कम फार मोठी लागणार नाही. कोट्यवधी डॉलरच्या आराखड्यात एवढी ओळ बसवायला काय हरकत आहे? पुढचा प्रकल्प आखणाऱ्यांनी हे खरंच मनावर घ्यावं.

आता जाणाऱ्यांसाठी. भरती-ओहोटीची वेळ गटाला फोन करून आधी विचारा, कारण पाणी कमी असेल तर मुळं छान दिसतात पण होडी फार आत जात नाही. चढत्या पाण्याला गेलात तर दोन्ही साधतं. दरही तेव्हाच विचारून घ्या. मधल्या कोणाकडून नोंदणी करू नका. आम्हाला गाडी ठरवून देणाऱ्या एका माणसाने ‘तिथे चिखल सोडून काही नाही’ म्हणत डॉल्फिन दाखवणाऱ्या इंजिनच्या बोटीकडे वळवायचा बराच प्रयत्न केला. तुमचा पैसा थेट वल्हं मारणाऱ्या हातात जाऊ द्या.

टोपी, पाण्याची भरलेली बाटली आणि रोख रक्कम जवळ ठेवा. वेफर्सची पाकिटं गाडीतच राहू द्या, एकदा मुळांत अडकलेलं प्लास्टिक काढणं महाकठीण. माहिती मालवणीतून येते. एखादा शब्द अडला तर थांबवून विचारा, त्या पुन्हा सांगतात आणि त्यांना ते आवडतं. मुलं सोबत असतील तर त्यांना कडेच्या जागा मागून घ्या, चिखलातले खेकडे तिथून नीट दिसतात.