डिसॅबिलिटी पेन्शन: दुसऱ्या अपिलाची वाट बघू की ट्रिब्युनल गाठू?

डिसॅबिलिटी पेन्शन नाकारल्यावर केलेलं पहिलं अपील फेटाळल्याचं पत्र ज्यांच्या हातात पडलंय त्या फौजी भावांसाठी लिहितोय. माझं बीपी, रिलीज मेडिकल बोर्डाने (नोकरी सोडतानाच्या तपासणीत) 30% अपंगत्व धरलं आणि पुढे शेरा मारला नाना (NANA), म्हणजे नोकरीमुळे झालं नाही आणि नोकरीने वाढलंही नाही. (आमच्यात नाना म्हणजे थोरले चुलते, हा नाना पेन्शन खाणारा निघाला.)

दुसऱ्या अपिलाला वकील लागत नाही, पोस्टाचा खर्च, मंजूर झालं तर कोर्टाची पायरी वाचली. ज्याच्याकडे नवा कागद आहे, समजा ड्युटीवर लागलेलं आणि इंज्युरी रिपोर्ट नंतर सापडला, त्याने निकालाची वाट बघायला हरकत नाही.

मला खटकलं ते वेगळंच. पहिल्या अपिलाच्या उत्तरात कारण एकच, आजार सुरू झाला तेव्हा तुम्ही पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगवर होता. अहो पण त्याआधी अडीच वर्षं मी फील्डला, म्हणजे खडतर भागात होतो, ते त्याच फाइलीत पोस्टिंगच्या तक्त्यात लिहिलंय की! पण सांगणार कुणाला, मला कुणी बोलावलंच नाही, सगळं कागदावर, आणि दुसरं अपीलही परत कागदावरच. मी ते टाकलं, 6 महिने उत्तर नाही, मग सरळ आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या (फौजींच्या खटल्यांचं न्यायाधिकरण) मुंबई बेंचला केस केली, कायद्यात तेवढी वाट मोकळी ठेवलीय.

तिथे वकिलांनी तक्त्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि समोरच्याला उत्तर द्यावं लागलं, मला तर तिथेच निम्मं जिंकल्यासारखं झालं. सुप्रीम कोर्टाच्या धरमवीर सिंग निकालाचा (2013) आधार होताच, भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस फिट होता असं धरायचं, आणि सुप्रीम कोर्टाच्याच राम अवतार निकालामुळे (2014) माझं 30% अपंगत्व पेन्शनसाठी 50% धरलं गेलं.

आता फी जाते, तारखा पडतात, जिंकल्यावरही सरकार हायकोर्टात जाऊ शकतं, हे खरंय. आणि 21 सप्टेंबर 2023 नंतर बाहेर पडलेल्यांना नवे नियम आहेत, त्यांनी माझ्यावर विसंबू नये. पण वर्षानुवर्षं नुसतं बसूनही राहू नका, एरिअर्स सहसा केस टाकायच्या आधीच्या 3 वर्षांचेच देतात.

आणि दुसऱ्या अपिलाची पोचपावती जपून ठेवा, वकील पहिली तीच मागतात.